चारशे बारा सह्या

काकू सात महिने माडीवरून खाली उतरल्या नव्हत्या. दोन्ही गुडघे गेले होते आणि जिना असा उभा होता, की धडधाकट माणसानेही कठडा धरूनच चढावे. खाली किराणा दुकान, वर दोन खोल्या आणि मध्ये अठरा पायऱ्या. दुकानातले काही हवे असले की काकू दोरीला बांधलेली पिशवी खिडकीतून सोडायच्या. दिवसातून दहा वेळा पिशवी खाली यायची, काकू मात्र एकदाही आल्या नाहीत.

म्हणून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून एक निर्णय घेतला. जागा बिल्डरला द्यायची. तो दुकान पाडणार, पाच मजले बांधणार, त्यातला एक फ्लॅट यांना मिळणार आणि इमारतीला लिफ्ट असणार. बिल्डरने रंगीत चित्र आणून काकूंच्या मांडीवर ठेवले. झाडे, गच्ची, काचेचा दरवाजा यांतले काहीच काकूंनी पाहिले नाही.

"लिफ्ट कुठाय यात?" त्यांनी विचारले.

बिल्डरने बोट ठेवले. काकूंनी चष्मा लावून त्या एवढ्याशा चौकोनाकडे बराच वेळ पाहिले.

"आत स्टूल मावेल ना हो?"

"स्टूल काय, पलंग मावेल, काकू!" बिल्डर म्हणाला. बिल्डर लोकांच्या सवयीप्रमाणे त्याने तोंडीच क्षेत्रफळ वाढवले होते. पण काकूंनी ते चित्र उशाशी भिंतीवर लावून घेतले.

आता काकांबद्दल. सगळी आळी त्यांना आहेकाका म्हणायची. गिऱ्हाइकाने काहीही मागावे, काका म्हणणार, "आहे!" वस्तू दुकानात नसली तरी आधी "आहे" म्हणणार आणि मग ती कुठून पैदा करायची याचा विचार करणार. एकाने मांजरासाठी गळपट्टा मागितला, तेव्हा काकांनी आत जाऊन स्वतःचा कमरेचा पट्टा कापला आणि मग दिवसभर विजार धरून माल मोजत राहिले. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर त्यांच्या तोंडून 'नाही' निघाले नव्हते. घरात निघाले असते, पण घरात त्यांच्यावर बोलायची वेळच येत नसे.

आळीही काकांना साजेशीच होती. शहराने चारी बाजूंनी वेढा घातला, तरी ती स्वतःला गावच समजायची. बैठी घरे, दारात कुंड्या, आणि एका घरात शिंक आली की तिसऱ्या घरातून काढा पाठवायची तयारी. रविवारी मात्र आळीतली झाडून सगळी मंडळी गाड्या काढून पुलापलीकडच्या भल्यामोठ्या मॉलमध्ये जात आणि महिन्याचे सामान भरून आणत. तिथे जे विसरले तेवढेच काकांकडे मागायचे. दुकानावर जीव मात्र सगळ्यांचा होता. जीव लावायला काही लागत नाही.

त्यामुळे पालिका कार्यालयाची नोटीस चौकात लागली, तेव्हा आळीत हलकल्लोळ उडाला. दुकानाच्या जागी पाच मजली इमारत, आणि आक्षेप असल्यास पंधरा दिवसांत कळवावेत! दुसऱ्याच दिवशी हेडसर दुकानात आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटल्यापासून त्यांना ओरडायला कोणी उरले नव्हते, म्हणून त्यांनी आळी बचाव समिती काढली होती.

"काका, बिल्डरनं तुम्हाला घोळात घेतलंय, हे न कळायला आम्ही दूधखुळे नाही!" सर दारातूनच म्हणाले.

"सर, त्याचं असं आहे की—"

"काही बोलू नका. तुमचे हाल तुमच्या तोंडावर दिसतायत. आता ही लढाई आमची. हा आक्षेपाचा कागद इथं काउंटरवर ठेवतो. येईल जाईल तो सही करेल. चालेल ना?"

"ठेवा की," काका म्हणाले. चाळीस वर्षांची सवय, दुसरे काय म्हणणार?

"आणि पहिली सही तुमची. पेन आहे का?"

"आहे!" काका म्हणाले. खिशातून पेन काढलेही. काढलेले पेन परत ठेवणे बरे दिसेना, म्हणून सहीही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण दुकानदाराला एक रोग असतो. काउंटरवर ठेवलेली वस्तू खपली नाही, तर त्याला अन्न गोड लागत नाही. दोन दिवस कागद एका सहीवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी काकांना राहवेना. त्यांनी कागदावरची धूळ झटकली, तो बरण्यांच्या पुढे आणला, पेनाला दोरा बांधला.

"साबण झाला, आणखी काही? आणि हे, सही राहिली बघा तुमची."

कोपऱ्यावरचा शिंपी जरा चिकित्सक होता. "काय लिहिलंय ते वाचून करतो," तो म्हणाला.

"वाचायचं काय त्यात? चांगलं आहे. सकाळपासून सगळे हेच करतायत," काका म्हणाले.

दहाव्या दिवसापर्यंत काका पाव बांधून देताना सोबत एक कोरा कागद सहीसाठी घरी पाठवू लागले. पंधराव्या दिवशी सर मोजायला बसले, तर चारशे बारा! आळीत मोठी माणसे तीनशेसुद्धा नव्हती. उरलेल्या सह्या पत्ता विचारायला थांबलेल्यांच्या होत्या. गेल्या दहा वर्षांत काकांच्या दुकानातून एवढे काहीच खपले नव्हते. त्या संध्याकाळी काका खुशीत होते, आणि आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

ते बिल्डरने येऊन सांगितले. "काका, अर्ज तुमचा! आणि आक्षेपावर पहिली सही पण तुमचीच? अहो, कार्यालयात हसतायत मला!"

"सरांनी पेन मागितलं हो," काका पुटपुटले.

दुकानात कोणी पुटपुटले तरी माडीवर सगळे ऐकू जायचे. थोड्या वेळाने खिडकीतून पिशवी खाली आली. काकांनी आत हात घातला, तर चार घड्या घातलेले ते रंगीत चित्र होते. त्यानंतर दोन दिवस पिशवी आली नाही. वर बोलणे नाही, रागावणे नाही. ताटात जेवण मात्र वेळेवर येई, आणि तेच काकांना जास्त लागे. काकू रागावल्या असत्या तर ते सोसायची त्यांना सवय होती.

भीड भिकेची बहीण, हे काकांना चाळीस वर्षांनी पटले. त्यांनी ठरवले, सुनावणीला उभे राहायचे आणि स्वच्छ सांगायचे.

सुनावणीला कार्यालयाचे सभागृह भरले होते. मागच्या रांगेत उभे राहून काका बोलू लागले.

"साहेब, पहिली सही माझीच आहे. पण मला इमारत हवीय. माझी बायको सात महिने खाली उतरलेली नाही. तिला लिफ्ट पाहिजे. आणि मी... मी पण दमलोय साहेब."

दोनचार बायकांनी डोळे पुसले. काकांना वाटले, जिंकलो. तेवढ्यात हेडसर उठले. त्यांनीही डोळे पुसले, आणि डोळे पुसले की सरांचे भाषण सुरू होई.

"साहेब, एका माउलीला जिन्यावरून खाली आणायला यंत्र लागावं? आम्ही काय मेलो? दर रविवारी आम्ही वहिनींना खुर्चीत बसवून खाली आणू! यालाच आम्ही आळी म्हणतो!"

टाळ्या कडाडल्या. साहेबांना निर्णय घ्यायचा मनस्वी कंटाळा होता. निर्णय असा आयता चालून आलेला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे अडचण मिटली. काका, आहे ना हे मान्य?"

अख्खे सभागृह वळून काकांकडे पाहू लागले. सगळी गिऱ्हाइके.

"आहे," काका म्हणाले.

अर्ज फेटाळला गेला.

रविवारी अकरा वाजता आठ जण आले. काकूंनी ठेवणीतले कपडे काढले होते, केस विंचरले होते. मनातून त्यांनाही एवढीशी आशा होतीच. स्वयंपाकघरातल्या खुर्चीला त्यांना चादरीने बांधले आणि वरात निघाली. वळणावर खुर्ची अडकली. वरचे म्हणाले खाली घ्या, खालचे म्हणाले वर घ्या. हेडसर सगळ्यात खाली उभे राहून हात हलवत होते.

"डावीकडं! तुमची डावी नाही, माझी डावी!"

"सर, आधी तुम्ही बाजूला व्हा," खुर्चीखालून शिंपी कळवळून म्हणाला. त्याच्या पाठीत काहीतरी कटकन वाजले होते.

शेवटी काकू डोळे घट्ट मिटून खाली पोहोचल्या. डोळे उघडले तेव्हा समोर रस्ता होता, ऊन होते, माणसे टाळ्या वाजवत होती. काकूंनी बरण्यांवरून हात फिरवला आणि त्यांना हुंदका आला. सगळ्यांनी खुर्चीभोवती उभे राहून फोटो काढले. मग कोणाला काय आठवले, कोणाकडे पाहुणे यायचे होते, आणि अर्ध्या तासात आळी पांगली.

संध्याकाळ झाली. "अहो, आता वर?" काकूंनी विचारले.

काकांनी फोन लावायला सुरुवात केली. शिंपी पाठीला शेक घेत पडला होता. तिघे मॉलमध्ये होते आणि रांगेतून निघता येत नव्हते. शेवटी हेडसर सापडले.

"काका, ठराव खाली आणायचा झाला होता," सर शांतपणे म्हणाले. "वर न्यायचा विषय समितीपुढं आलेलाच नाही. पुढच्या बैठकीत घेऊ."

काका फोन धरून तसेच उभे राहिले. आपल्या गरीब स्वभावाची त्यांना इतकी किळस कधीच आली नव्हती.

"उभे काय राहिलात? गादी आणा खाली," काकू म्हणाल्या. "आणि स्टोव्ह आणा, माझ्या गोळ्या आणा. ती साखरेची पोती सरकवा तिकडं."

"इथं? दुकानात? अगं, मग दुकान?"

"बंद."

"बंद कसं? अर्ज तर फेटाळला."

"बांधायला परवानगी लागते. बंद करायला कोणाची लागते?"

काकांनी पुष्कळ विचार केला. असा विचार त्यांच्यापुढे कोणी कधी मांडला नव्हता. मग ते अकरा वेळा जिना चढले आणि उतरले.

सकाळी हेडसर पावासाठी आले आणि दारातच थबकले. बरण्यांच्या मांडणीवर औषधे आणि आरसा होता. मध्ये गादी होती आणि गादीवर वहिनी रस्ता बघत बसल्या होत्या.

"हे... पाव?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग आळीनं करायचं काय, वहिनी? एवढं वाचवलं आम्ही दुकान!"

"वाचलंय की. बघा, वीटसुद्धा हललेली नाही. पाव मॉलमध्ये मिळतो. रस्ता ठाऊक आहे तुम्हाला."

सर गेले. काकूंनी शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढायला लावले. दुपारी दोघेही पडले होते, तेव्हा कोणीतरी शटर वाजवले. "काका, काडेपेटी आहे का हो?"

काका कोपर टेकून अर्धवट उठले. काडेपेट्यांचा अख्खा खोका त्यांच्या उशाशीच होता. 'आहे' ओठांवर आलेही. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी डोळे उघडले नाहीत. काका हळूच पुन्हा आडवे झाले.

शटर आणखी दोनदा वाजले, मग थांबले. पावले लांब गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी स्वतः कोणाला तरी दारातून रिकाम्या हाताने परत पाठवले होते. काकांना रडू आले. आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी तोंड उशीत खुपसले, पण शेजारी झोपलेल्या बायकोपासून काय लपते?

"पुरे झालं," काकू म्हणाल्या. "त्यातली एक काडेपेटी द्या इकडं. चहा टाकते."