धाकूची हद्द

कोपरच्या धाकू कोळ्याचं मरण हद्दीअभावी प्रलंबित होतं. ब्याऐंशी साली तो खाडीत जाळं काढायला गेला आणि होडी तेवढी मिळाली, रिकामी, कोलशेतकडे वाहत जाताना. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मयत ठरवू शकतं, असं कळल्यावर त्याची बायको मनुबाई डोंबिवलीच्या त्र्यंबक वकिलांकडे गेली. जाळं बांधायची खाडीतली जागा धाकूच्या नावावर होती. ती तिच्या नावावर झाली तरच चूल पेटणार होती.

खाडीअलीकडच्या कोर्टाने अर्ज गांभीर्याने वाचला. होडी मधल्या धारेपलीकडे सापडली, सबब हद्द पलीकडची.

"होडी आमच्या हद्दीत, मान्य," पलीकडचे साहेब म्हणाले. "माणूस कुठे बुडाला?"

"मना काय ठावं? मी तं घरा होते," मनुबाई म्हणाली.

"घर कुठे?"

"कोपरला."

"मग अलीकडेच जा."

अलीकडच्या साहेबांचं लक्ष या खेपेला तिच्या कपाळाकडे गेलं. प्रेत दिसल्याशिवाय कुंकू पुसायचं नाही, ही तिच्या घरची रीत. 'अर्जदार स्वतःच पतीस जिवंत समजते,' अशी नोंद झाली. घरी येऊन तिने कुंकू पुसलं आणि पोटभर रडली. पुढच्या तारखेला साहेब नाराज झाले.

"परस्पर पुसलंत? मयत कोर्टाने ठरवायचा असतो."

शेवटी पेपरात जाहीर नोटीस दिली: धाकूबद्दल कोणाला काही माहिती असल्यास हजर व्हावे. कोणी आलं नाही. मेल्याचं सांगणारा साक्षीदार नाही, सबब धाकू जिवंत, असा निकाल झाला. त्र्यंबकरावांना तिचं सांत्वन करावं की अभिनंदन, ते कळेना.

निकालावर मच्छीमार सोसायटीने मात्र तत्परता दाखवली. सभासद जिवंत असूनही इतकी वर्षं जाळ्याकडे फिरकला नाही, म्हणून जागा काढून त्याचा चुलतभाऊ भिवाजी याला देण्यात आली.

"भिवाजी, रिकामी होडी तूच ओढून आनलीस," मनुबाई म्हणाली. "कोर्टान सांगाला का नाय आलास?"

"नोटीस पेपरान होती, वयनी. आपल्यान पेपर कोन वाचतं?"

खरं आहे. पेपर तुम्ही वाचता. आतल्या पानावर, फ्लॅटच्या जाहिरातींखाली ती नोटीस होती. धाकू गेल्याचं तुम्हाला ठाऊकही होतं. डोंबिवलीच्या बाजारात तुम्ही भाव पाडत होतात, तेव्हा मनुबाईनेच ते सांगितलं होतं. तुम्ही हळहळलात, आणि वाट्यावर चार कोळंब्या जास्त घेतल्यात.