भैरवीनंतर उरलेल्या चित्रपटाची हकीकत

श्रीनाद साह्य. शके अठराशे बासष्ट, चुळबुळनाम संवत्सरी वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. पृथ्वीवर राज्ये बहुत जाहली, परंतु ज्या राज्यी गवयाने षड्ज लावताच शेजारच्या मुलखात दिवे लागत, ऐसे राज्य एकच, ते हे. हल्ली तेथे वीज आली असल्याकारणे दिवे आधीच लागलेले असतात.

या राज्यी त्रिंबकबुवा गवई आणि सदोबा पेटीवाले ऐसी जोडी जन्मभर एका सतरंजीवर बसत आली, आणि मग दरबारी उत्सवाचा फलक लागला, त्यावर बुवांचे नाव हत्तीएवढे आणि खाली मुंगीएवढे 'सोबत पेटी' ऐसे लिहिले. सदोबा म्हणाले, "पेटी काय आपणहून वाजते?" बुवा बोलिले, "वाजली असती तर मलाही जरा शांतता मिळाली असती." मग सदोबांनी बोलणे टाकले, आणि शेजारच्या राजाची चाकरी धरली, आणि संध्याकाळच्या गाडीने कायमचे निघावे ऐसा बेत केला. राणी बाईसाहेबांसी चिंता पडली, की सदोबा गेले तर बुवांचा गळा राहील, गाणे राहणार नाही. मग त्यांनी शहरातून एक चित्रपट आणविला. त्यात ऐसीच एक नामांकित जोडी उदयास येती, भांडती आणि रसातळास जाती. अर्धा उदय, अर्धा नाश. नाश पाहोन यांसी शहाणपण येईल, ऐसी मसलत.

मग सदोबा निघावयाच्या दिवशीच दुपारी दिवाणखान्यात पडदा लागला, आणि बुवा व सदोबा यांसी आज्ञेने शेजारी बसविले, आणि मध्ये गाठोडे बांधलेली पेटी. उदय सुरू होताच सभा चुळबुळू लागली, कारण जो तो पडद्यावर आपणासच पाहत होता. तेथील गवयास हार पडे तो येथे बुवा मान पुढे करीत. तेथील पेटीवाल्याचा जयजयकार होई तो येथे सदोबा खाकरत. महाराज घडोघडी मांडी बदलीत आणि पुसत, "यात राजा केव्हा येतो?" दिवाणजी म्हणाले, "राजा नाही, सरकार." "मग हे गातात कोणासाठी?"

मग पडद्यावरील जोडी कीर्तीच्या शिखरी पोचली आणि भैरवी गाऊ लागली, आणि येथे घात जाहला. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. तीनंतर सूर काढणे म्हणजे आंचवल्यावर पुन्हा पानावर बसणे, ऐसा या राज्यीचा दंडक. भैरवी संपताच महाराज उठले, आणि विडे वाटले, आणि सभा जोडे शोधू लागली. मशीनवाला कोंडाजी ओरडला, "अहो बसा, अजून मध्यंतरसुद्धा नाही झालं!" कोतवाल म्हणाला, "भैरवी झाली की नाही? मग झालं." "पण त्यांचं भांडण व्हायचंय अजून!" "ते घरी जाऊन भांडतील."

बाईसाहेबांची मसलत उलटी पडली, कारण उदय तेवढा पाहोन दोघेही फुगले होते. बुवा म्हणाले, "पाहिलंत? हार गवयालाच पडतो." सदोबा म्हणाले, "पाहिलंत? टाळ्या पेटीला पडतात," आणि गाठोडे उचलू लागले. मग बाईसाहेबांनी राजगुरूंसी निर्णय पुसला. राजगुरूंनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि सांगितले, "भैरवीनंतर ऐकणे निषिद्ध. पाहण्याविषयी शास्त्र गप्प आहे." मग कोंडाजीने यंत्राचा आवाज बंद केला, आणि सर्व पुन्हा दाटीवाटीने बसले, आणि नाश मुक्याने सुरू जाहला.

कोण कोणास काय बोलिले ते कळेना. दोघे हात नाचवीत, तोंडे उघडीत, मिटीत. मग पेटीवाला निघोन गेला, आणि गवई भरल्या सभेत एकटा बसला, आणि शेजारची जागा रिकामी, आणि त्याने डोळे मिटले, तोंड उघडले, आणि काहीच आले नाही. आवाज बंद आहे हे सर्वांसी ठाऊक होते, तरी महाराजांची मांडीदेखील जागची हलेना. बुवांसी मात्र राहवेना.

"सदोबा, तो तसाच बसलाय हो."

"आवाज बंद आहे, बुवा."

"ते कळतं मला. सूर द्या त्याला."

"दंडक आहे."

"माणूस बुडतोय आणि तुम्ही दंडक काय सांगता!"

मग सदोबांनी गाठोड्याची गाठ दातांनी सोडली, आणि भाता हलविला, आणि न पुसता बुवांची नेहमीची पट्टी, काळी दोन, धरली, आणि बुवांनी पडद्यावरील ओठांवर आपला षड्ज ठेविला. राजगुरूंनी कानात बोटे घातली, परंतु नीट घातली नाहीत. संध्याकाळची गाडी शीळ घालोन गेली ती कोणासी ऐकू आली नाही.

येणेप्रमाणे दंडक मोडला, जोडी राहिली, राज्य तरले. नादाचा महिमा ऐसा अगाध. सभा पांगली तरी सदोबा जागचे उठले नाहीत. बाईसाहेब गहिवरोन म्हणाल्या, "सदोबा, राहिलात ना?"

सदोबा म्हणाले, "राहिलो, बाईसाहेब. तेवढं बुवांना जरा सरकायला सांगा, मघापासून माझ्या धोतरावर बसलेत."