वेशीवरील शिंपण आणि शीतपेटीची स्वारी

श्री. वरुणदेवे आणि अग्निदेवे एके पेटीत सलोख्याने नांदावे, ही प्रार्थना. राज्यशक सत्तावीस, चैत्र मास. ते समयी पठारावर लेकरांस ज्वर आला आणि त्यावरील औषध गार न राहिल्यास नासे, म्हणोन रसशाळेच्या मुख्य सगुणाबाई यांणी करडी भुकटी सिद्ध केली. तीस पाणी लागता हायड्रोजन नामे वायु निघे आणि तो काखेत मावेल ऐशा पेटीत शिरोन वीज उपजे आणि विजेने औषध गार राही. बाईंस धन्यता वाटली. मग पेटी, औषध आणि भुकटीच्या दोन पोतड्या घेवोन बाईंची स्वारी पठारास निघाली, ती वेशीशी आली. तेथे हवालदार परसोजी माने, रीतीचे मोठे कट्टर. वेशीतून जाणाऱ्या-येणाऱ्या हरएक वस्तूवर पाणी शिंपण्याचा त्यांचा वडिलोपार्जित मान. बाई "हां हां!" म्हणेतो त्यांणी एका पोतडीवर तांब्या रिता केला आणि पोतडी टम्म फुगली आणि फट्कन फुटोन सारा वायु आभाळी गेला आणि हवालदारांची पगडी चिखलात गेली.

बाई कडाडल्या, "हवालदार, काय केलेत हे! वर पोरे तापाने फणफणताहेत!"

हवालदार बोलिले, "राणीसाहेबांची पालखी कोरडी गेली नाही, तुमच्या पिठाची काय मातबरी?"

आता एकच पोतडी उरली. मग दोघे महाराजांपुढे गेले आणि महाराजांनी आज्ञा केली की, रीत मोडू नये आणि औषधही नासू नये, आणि भोजनास उठोन गेले. थोरांचे काय जाते! बाईंचा जीव टांगणीला लागला. मग त्यांणी विचार केला की, पाणी तर हवेच, ते एकदम न पडावे इतुकेच. म्हणोन भुकटी डब्यात कोंडोन वर बारीक भोक ठेविले आणि बोलिल्या, "हवालदार, शिंपायचे ते इथे. पळीने, थेंब थेंब, पठार येईतो."

"म्हणजे घाट आम्ही चढायचा?"

"मान तुमचाच ना?"

झाले! हवालदार धापा टाकीत, पळीने शिंपीत घाट चढले आणि अर्ध्या वाटेत पाणी सरले, तो पेटीत वायु हवेशी मिळोन वीज उपजता जे पाणी बने, ते नळीतून ठिबकू लागले, तेच पुन्हा शिंपिले. वर वैद्यांनी कुपी हाती घेतली, तो गार! बाई तेथेच मटकन बसोन आनंदे रडल्या आणि हवालदारांनी आपले उपरणे पुढे केले.

उतरोन वेशीशी येतात, तो दिवसभर गाड्या कोरड्याच आत गेलेल्या आणि राज्य जागच्या जागी. हवालदार हळूच बोलिले, "बाई, हे महाराजांच्या कानी घालू नका."

"छे हो! उद्याच्या खेपेस मला तुम्हीच हवे."

सारांश, लेकरे बरी जाहली, हवालदार अंमळ वाळले आणि पुढे हरएक खेपेस पेटीबरोबर आपण होऊन जाऊ लागले. वेशीवर मागे कोण शिंपितो, हे त्यांणी पुन्हा पुसले नाही.