किशनराव सरांची टोपली

किशनराव सर टोपली भरून वाहिली तरी रिकामी करू देत नसत. सेलूतल्या त्यांच्या टायपिंग क्लासात टेबलाखाली वेताची टोपली होती. चुरगळलेला कागद तीत पडला की शनिवारपर्यंत तिथंच. झाडणाऱ्या मावशींनी मधेच टोपलीला हात लावला, की सर खुर्चीतून म्हणत, "राहू द्या मावशी. माणसाला पस्तावा व्हायला येळ लागतो."

हे तत्त्वज्ञान त्यांनी कॉम्प्युटरकडून उचललं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी क्लासात दोन मशीनं शेजारीशेजारी होती. जुन्यावर नुसतं डॉस, नव्यावर विंडोज. तिसरं, मॅकिंटॉश, सरांनी फक्त मासिकात पाहिलं होतं. त्याचं चित्र कापून त्यांनी देवाच्या कॅलेंडरशेजारी चिकटवलं होतं. आल्यागेल्याला, पोराची चौकशी करायला आलेल्या बापालासुद्धा, ते या तिघांची तुलना ऐकवत.

"डॉस म्हंजे निजामाचा शिपाई. हुकूम दिला की मान उडवली, कोणाची ते इचारायचं न्हाई. विंडोज जरा घरंदाज हाय. पुसायच्या आधी इचारतंय, नक्की का? आन् हे तिसरं लय शहाणं. ह्याच्यात टोपलीच हाय. टाकलेलं काढून घेता येतंय. नाव बी लांबलचक देता येतंय. आपल्या डॉसात आठ अक्षरांत माणूस कोंबा."

मी तिथं शिकवायला होतो. वय बावीस आणि डॉसच्या आज्ञा तोंडपाठ, त्यामुळं पाय जमिनीवर नव्हते. माउस धरणारे लोक मला पांगुळगाडा धरून चालणाऱ्या पोरांसारखे वाटत. सर तर चहा सांगतानाही विचारत, "नक्की घेणार ना?" पोरं पाठीमागं त्यांची नक्कल करायची. ती नक्कल त्यांना मीच शिकवली होती, हे आता लपवून उपयोग नाही.

एकदा भरल्या बॅचपुढं मी म्हणालो, "सर, तुमचं विंडोज विचारत बसेल, तोवर माझं काम उरकलेलं असेल. बघा." जुन्या मशीनवर अक्का एक, अक्का दोन, अशी पन्नासेक फाइलींची रांग होती. कुण्या जुन्या विद्यार्थिनीचा सराव असेल, असं मी धरून चाललो. त्या सगळ्या पुसायची एका ओळीची आज्ञा दिली आणि एंटर दाबलं. डॉसनं काही विचारलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सर उठून जुन्या पडद्याशी वाकले. "अक्काच्या होत्या का?"

मी हसतच हो म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

अक्का कोण ते मला मावशींनी सांगितलं. सरांची थोरली बहीण, वालूरची. सर रांगते असताना आई गेली, अक्कानंच त्यांना वाढवलं. तिला लिहिता येत नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती एसटीनं यायची, सरांशेजारी बसून बोलायची, आणि सर इंग्रजी अक्षरांत मराठी थेट मशीनवर उतरवून घ्यायचे. कोणाची लेक कुठं दिली, कोणत्या विहिरीचं पाणी गोड, आई कशी दिसायची. मी यायच्या आदल्या वर्षी अक्का गेली. कागदावर यातलं काहीच नव्हतं. आमच्या त्या जुन्या डॉसात पुसलेलं परत आणायची सोयही नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. सरांनी तो न वाचताच टोपलीत टाकला.

"शनवारपर्यंत राहू द्या."

"सर, पस्तावा मला कालच झाला."

"मंग बसा. मला याद हाय तेवढं सांगतो, तुमी टाइप करा."

मी नव्या मशीनपुढं बसलो. सर अक्काच्या धाटणीत सांगू लागले. पानभर झालं. "आई गोरी व्हती. कपाळावर गोंदण व्हतं. तिची नथ मोडली तवा..."

ते थांबले. चष्मा काढून पुसला.

"तवा काय झालं, ते अक्कालाच ठावं. घाई न्हाई. आठवंल."

शनिवारी मावशींच्या आधी येऊन मी माझा कागद टोपलीतून काढून घेतला. पुढं तीन वर्षं तिथं होतो. दर बाजाराच्या दिवशी सर ती फाइल उघडायला लावत, आणि मी त्या अर्ध्या वाक्याशी बोटं टेकवून बसत असे. नथीच्या पुढचं त्यांना कधीच आठवलं नाही. ते आठवत असताना त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.