मोटारीचे खांदे मळणारे बसप्पा अण्णा

बसप्पा अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी त्याच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत आणि मग आत येऊन "शरणार्थ" म्हणून नमस्कार करत. कोटाच्या खिशात करडईच्या तेलाची चोचीची बुधली कायम असायची. लोहाऱ्यात त्यांचा तेलाचा घाणा होता. त्यामुळं त्या काळी आमच्या गावात एकही दार करकरत नसे, आणि चोरांची व उशिरा घरी परतणाऱ्या नवऱ्यांची जी सोय झाली होती तिला अख्ख्या निजामाच्या राज्यात तोड नव्हती. एकदा त्यांनी आमच्या मदरशाच्या घंटेच्या कडीला तेल पाजलं. घंटा इतकी सैल झाली की वाऱ्याच्या झुळकीनं वाजायची आणि हेडमास्तरसाहेबांना दिवसातून चार वेळा शाळा सोडावी लागायची. मी त्याच शाळेत उर्दूतून भूगोल शिकवत होतो, म्हणजे हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं निम्मं मानावं; तेवढं नक्की खरं आहे.

"तेल न्हाय तर चाल न्हाय, मास्तर," हे अण्णांचं तत्त्वज्ञान. कुणाचं पोर पाठांतरात अडलं, तर डोक्याला तेल लावा. नवराबायकोचं बिनसलं, तर घरातला दिवा तपासा, तेल कमी पडलं असणार. माणूस मेला तरी अण्णा हळहळत, "येळंवर मालिश केलं असतं तर..."

दुसऱ्या जर्मन लढाईच्या दिवसांतली गोष्ट. एका तहसीलदारसाहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली जुनी मोटार अण्णांच्या गळ्यात मारली. अण्णांनी ती पेंडीच्या खोलीत ठेवली. घाण्याच्या पेंडीवर पोसलेले आमचे उंदीर म्हणजे मांजरांना रस्त्यावरून बाजूला व्हायला लावणारे. त्यांनी मोटारीतल्या झाडून सगळ्या तारा खाल्ल्या. इंजिनाची ठिणगी पाडणारं यंत्र वेगळं होतं, ते तेवढं वाचलं. म्हणजे हँडल मारलं की मोटार धडधडायची, चालायचीसुद्धा. पण दिवा नाही आणि भोंगा नाही. आंधळी आणि मुकी.

अशा मोटारीच्या भरवशावर अण्णांनी भूमला निरोप धाडला. भूमला त्यांची थोरली बहीण दिलेली होती, गौराक्का. अण्णांना मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, भाऊबंद सगळे पांगलेले. रक्ताचं माणूस म्हणावं तर एवढी एक अक्का. निरोप असा होता : "पंचमीला मुराळी म्हणून म्या सोता येतो. मोटार घेऊन येतो. तयार ऱ्हा."

नागपंचमीला लेकीबाळींना न्यायला माहेराहून जातो तो मुराळी. इथं लेक साठीची आणि मुराळी छप्पन्न वर्षांचा, म्हणून गाव खूप हसलं. मी हसलो नाही, कारण मी अण्णांच्या शेजारी राहत होतो आणि पुढं काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "दिवसा जायचं, दिवसा यायचं. दिवे कशाला पाहिजेत?"

"लागत्यात."

"आणि भोंगा? वाटेत शेळ्यांशिवाय आहे कोण?"

"लागतोय म्हंजे लागतोय. दिवे लागल्याबिगर आन् भोंगा वाजल्याबिगर ही मोटार लोहाऱ्याची येस वलांडणार न्हाय."

सोलापूरचा एक मिस्त्री त्या सुमारास गावात लग्नाला आला होता. अण्णांनी त्याला पानसुपारी देऊन मोटार दाखवली. त्यानं आत डोकावून उंदरांच्या लेंड्या पाहिल्या आणि खो खो हसला. "अण्णा, तुम्ही बैल फिरवा. पंचमी होऊन गेली की आणा सोलापूरला, बघू काय ते." अण्णा खाली वाकले, मिस्त्रीच्या करकरणाऱ्या वहाणांना दोन-दोन थेंब तेल घातलं आणि त्याला वाटेला लावलं. मग माझ्याकडं वळले.

"मास्तर, आपल्या मोटारीची तार आपुनच वढायची."

'आपुन' म्हणजे ते आणि मी, हे मला तिथंच कळलं.

मोटारीच्या सीटखाली एक इंग्रजी पुस्तक निघालं. अर्धं उंदरांनी वाचून संपवलं होतं. उरलेलं माझ्या वाट्याला आलं. माझं इंग्रजी म्हणजे वैशाखातली विहीर. पोहरा खूप खोल जायचा, वर मात्र चिखलच यायचा. मी इंग्रजी वाचायचो, मनात उर्दू करायचो आणि तोंडानं मराठी सांगायचो. तोवर बॅटरीचा दिवा आणि दिव्याची बॅटरी झालेली असायची. पण अण्णांनी त्या चिखलातूनच पाणी गाळून घेतलं. चार दिवस ऐकल्यावर एका सकाळी घाण्याचा बैल फिरत असताना ते एकदम ओरडले, "कळलं की वो मास्तर! ह्यो बैल बघा. निघाला तिथं परत आला तरच तेल पडतंय. मधीच थांबला तर थेंब न्हाय. तुमची ती बिजली म्हंजे बैल. बॅटरीतून निघायचा, बटणावरून जायचा, दिव्यात जायचा, परत बॅटरीत यायचा. फेरा पुरा झाला पायजे!"

एवढं सोपं भाषांतर मला जन्मात जमलं नसतं.

"पर दिव्याला तर येकच तार," ते पुन्हा अडले. "बैल गेला खरा, परतीची वाट कुठं हाय?"

मी पान उलटलं. उंदरांच्या कृपेनं ती ओळ शिल्लक होती. परतीला तार लागत नाही. मोटारीचं लोखंडी अंगच परतीची वाट. अण्णांनी मोटारीच्या अंगावरून हात फिरवला. "ह्ये लई बेस हाय," एवढंच म्हणाले.

बॅटरी भरून घेणं आणि तार आणणं यासाठी आम्ही सोलापूरला गेलो. येताना करोडगिरी नाक्यावर जवानानं अडवलं. परमुलखातून येणाऱ्या मालावर तिथं जकात असायची.

"क्या है इसमें?"

"बिजली है, साहब," अण्णा म्हणाले.

जवान दहा पावलं मागं सरला. "मुंडी घट्ट बंद है ना? इधर छोडना नक्को!" त्याच्या यादीत बिजलीची जकात नव्हती. त्यानं आम्हाला असं घाईनं पिटाळलं की मागून सलाम ठोकला असं मी आजही शपथेवर सांगेन. शपथ कशाची, ते विचारू नका.

पहिल्या दिवशी अण्णांनी उत्साहात बॅटरीची तार बटणाला न नेता थेट लोखंडाला टेकवली. फेरा फारच लवकर पुरा झाला. तार लाल झाली, धूर निघाला आणि अण्णांची डावी मिशी उजवीपेक्षा दोन बोटं आखूड झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी उजवी कातरली आणि पुन्हा कामाला बसले. मग मधे जळून तुटणारी बारीक तार घालायला शिकले, उघडी टोकं पिळून त्यावर फडकं गुंडाळायला शिकले. भोंग्याची, पुढच्या दिव्यांची, अशी तार वेगळी ओळखू यावी म्हणून त्यांनी तारांना बैलांच्या गोंड्यांचे रंगीत दोरे बांधले. मोटारीचं पोट उघडलं की रुखवत मांडल्यासारखं दिसायचं.

मधेच कारहुणवी आली. आमच्याकडं कर्नाटकाच्या कडेला बैलांचा सण जेठातल्या पुनवेला असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे, सणाला शिंगं रंगवायची. अण्णांनी घाण्याच्या बैलाचं सगळं केलं आणि मग मोटारीकडं वळले. "हिनं भूमला ओझं वढायचं हाय. हिचे खांदे मळायला नगं?" मोटारीचे खांदे कोणते यावर थोडा वाद झाला. अखेर पुढचे दिवे ज्या दोन लोखंडी दांड्यांवर बसतात, ते खांदे ठरले. अण्णांनी दिवे उतरवले, दांड्यांना हळद आणि तेल बोटभर जाड चोपडलं, दुसऱ्या दिवशी वरून लाल हिंगूळ लावला, वाळवला, दिवे परत घट्ट आवळले, बॉनेटवर झूल घातली आणि तोंडासमोर पुरणपोळी धरली. मोटारीनं ती खाल्ली नाही, मी खाल्ली.

आषाढ सरत आला तेव्हा सगळ्या तारा ओढून झाल्या. भोंगा दाबला, वाजला. असा वाजला की घाण्याचा बैल उलटा फिरला. मग अण्णांनी देवाचं नाव घेऊन दिव्यांचं बटण ओढलं.

काही नाही.

बल्ब बदलले. काही नाही. तारा पुन्हा काढल्या, पुन्हा ओढल्या. काही नाही. अण्णांनी प्रत्येक जोडाला, प्रत्येक बटणाला तेल घातलं. मग तर भोंगाही घसा बसल्यासारखा बोलायला लागला. पंचमी आठ दिवसांवर आली. गावातले लोक येता-जाता विचारायचे, "अण्णा, मुराळी निघाला का?" अण्णा मान खाली घालून तार सोलत बसायचे. बुधलीतलं तेलसुद्धा कुणाच्या दाराला पडेनासं झालं. लोहाऱ्यातली दारं हळूहळू करकरायला लागली.

एक दिवस ते मला म्हणाले, "मास्तर, बैल हरवलाय. वाट धरून हुडकू." त्यांनी एका बल्बला दोन तारा बांधल्या. एक टोक बॅटरीच्या तोंडाला जोडलं, दुसरं हातात धरून मोटारीच्या अंगाला टेकवत निघाले. इंजिनाला टेकवलं, बल्ब लागला. "हितवर बैल हाय." चाकावरच्या पत्र्याला टेकवलं, लागला. "हितं बी हाय." दिव्याच्या दांडीला टेकवलं. बल्ब मेला.

अण्णा दांडीपाशी उकिडवे बसले. वरचा हिंगूळ त्यांनी नखानं खरवडला. खाली हळद. हळदीखाली तेल, वाळून चामड्यासारखं झालेलं. परतीच्या वाटेवर त्यांनीच भिंत बांधली होती.

मी तोंड उघडलं नाही, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पुण्य. अण्णांनी दिवे उतरवले, ओंजळभर वाळू घेतली आणि दांडी घासायला लागले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कशावरचं तरी तेल पुसलं. लोखंड चांदीसारखं निघेपर्यंत घासलं. दुसरी दांडी घासली, मग एकेक जोड, एकेक बटण कोरडं केलं. तळहाताची साल निघाली तरी मला हात लावू दिला नाही.

बटण ओढलं. दोन्ही दिवे लागले.

"ह्या जातीला तेल चालत न्हाय," अण्णा हळूच म्हणाले. घरचा कुलाचार मोडल्यासारखा त्यांचा आवाज होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी झुंजुमुंजू होताच आम्ही निघालो. पेट्रोल तेव्हा रेशनवर होतं; आम्ही कुठून आणलं ते विचारायचं नाही. तेलाच्या डब्यात काय काय राहू शकतं हे सरकारला माहीत नव्हतं. वाटेत तीनदा चाक बसलं, दोनदा आम्ही. ऊन कलायच्या आत भूमची वेस दिसली. तिथं अण्णांनी गाडी थांबवली, टोपी नीट केली, भर उन्हात दोन्ही दिवे लावले आणि भोंग्यावर जो हात ठेवला तो अक्काचं दार येईपर्यंत उचलला नाही. बाया उंबऱ्यात आल्या, माणसं पारावरून उठली. एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "कुणाची वरात म्हणायची?"

"वरात न्हाय!" अण्णांनी मान बाहेर काढली. "मुराळी! गौराक्काचा मुराळी हाय!"

गौराक्का दारातच उभी होती. वाळलेली, ताठ, कपाळाला विभूती. "बसू, दिसाढवळ्या दिवे लावून आलास? येड लागलं का रं तुला?"

"लागू दे की, अक्का," अण्णा म्हणाले.

ती आत गेली. तिच्या पुतण्याची बायको माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. अण्णा माझ्या मागंच होते, ते तिला दिसलं नसावं. "लई बरं झालं, मास्तर," ती म्हणाली. "मालक गेल्यापास्नं आठ सालं झाली, म्हातारीला कुणी न्यायला आलं न्हाय. रांडमुंड बाईला कशाचा मुराळी, म्हणत्यात लोक. पर ही दरसाल पंचमीच्या आदल्या दिशी गठुडं बांधती. सण झाला की सोडती. कुणी इचारलं तर म्हणती, लुगड्यास्नी ऊन दाखवलं."

मागं हालचाल झाली. "मास्तर," अण्णांचा आवाज आला, "तार सुटली वाटतं कुठंतरी." ते भराभर मोटारीकडं गेले, बॉनेट उघडलं आणि खांद्यापर्यंत आत शिरले.

मी मागोमाग गेलो. एव्हाना मलाही थोडं कळायला लागलं होतं. दोरे जागच्या जागी होते. जोड घट्ट होते. दोन्ही दिवे लखलख लागलेले होते. गौराक्का गठुडं काखेत मारून आली, कुणाला न विचारता मागच्या सीटवर बसली आणि पदर सारखा करत समोर बघायला लागली.

मी पक्कड काढली आणि अण्णांच्या हाताशी धरून उभा राहिलो. बराच वेळ त्यांनी ती घेतली नाही.