खड्डा क्रमांक सात

"वर्षे, पूजा झाली की एक टोपलं मुरूम रस्त्यातल्या त्या खड्ड्यात टाकायचा. मगच तोंडात घास."

माझ्या सासूबाई, गुरम्मा, जाताना एवढंच सांगून गेल्या. सरकार खड्डा बुजवील तेव्हा बुजवील, आपण नेम मोडू नये, असं त्यांचं मत होतं. इष्टलिंगाची पूजा आटोपली की मी टोपलं उचलते. दर पावसाळ्यात टाकलेलं सगळं वाहून जातं, मी पुन्हा टाकते. यंदा तर माझी लेक साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दवाखाना देगलूरला, आणि तिकडं जायला हाच एक रस्ता.

त्याच सुमारास एक वाहन कंपनी गावात आली. लष्करासाठी ती एक दणकट गाडी घडवत होती. खडक, चिखल, ओढा, कशालाच न जुमानणारी. चाचणीसाठी ठिकठिकाणचे रस्ते तपासण्यात आले आणि सर्वानुमते आमचा निवडण्यात आला.

सरपंच मल्लिनाथांनी पेढे वाटले. "इतक्या वर्षांच्या दुर्लक्षाचं आज चीज झालं!"

मंजूर झालेलं डांबरीकरण देशहितार्थ स्थगित झालं. खड्ड्यांना पांढऱ्या रंगानं क्रमांक पडले. माझा सातवा. बाजूला पाटी लागली : 'खड्डे बुजवणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.'

पहिल्याच दिवशी सातव्या खड्ड्यात गाडीचा पाटा मोडला. चाचणीप्रमुख साहेब हरखून गेले. "असा खड्डा आम्हाला कारखान्यात करता येत नाही!" गाडीची सगळी नवी रचना त्या खड्ड्याच्या मापानं सुरू झाली.

मग साहेबांच्या लक्षात आलं की माप रोज चुकतंय. खड्डा उथळ होतोय. बैठक बसली. परकीय हाताची शक्यता नाकारता येत नाही, असं ठरलं आणि गावातल्याच बजरंगला पहारेकरी नेमलं.

दुसऱ्या सकाळी त्यानं मला टोपल्यासकट धरलं.

"अक्का, हे काय करायलाव?"

"व्रत आहे, बाबा. सासूबाईंना शब्द दिलाय."

बजरंगनं कानाची पाळी धरली. "व्रत हाय व्हय! मग म्या कसं अडवू? पाप लागंल. पर नोकरी बी हाय."

त्यानंच तोड काढली. मी टाकायचं, त्यानं उपसायचं. आधीचाही सगळा मुरूम उपसून त्यानं कडेला ढीग रचला, रोज मी त्यातलंच टोपलंभर टाकी. माझा नेम सुटला नाही, त्याचं कर्तव्य चुकलं नाही, खड्ड्याचं माप पुन्हा नोंदीबरहुकूम आलं. साहेबांनी बजरंगला शाबासकी दिली.

एके दिवशी पहाटे साक्षीला कळा सुरू झाल्या. मी साहेबांकडे गेले. गाडी तंबूसमोरच उभी होती.

"साहेब, पोरीला तेवढं देगलूरला सोडा."

"मावशी, गाडीत जवानांच्या वजनाची वाळूची पोती आहेत."

"ती उतरवा की."

"त्यांना पट्टे बांधलेत," साहेब हळहळून म्हणाले. "शिवाय बाळंतपण चाचणीत समाविष्ट नाही."

मी डोकावून पाहिलं. पोती खरंच पट्टे लावून निवांत बसली होती.

शेवटी मल्लिनाथांचा टेम्पो काढला. मागं गादी टाकली. साक्षीचं डोकं मी मांडीवर घेतलं. सातवा खड्डा आला तशी मी डोळे मिटून शिवनाम घेतलं. धक्का बसलाच नाही. डोळे उघडून मागं पाहिलं, तर खड्डा काठोकाठ भरलेला. कडेचा ढीग गायब होता. फावडं टेकून बजरंग दुसरीकडंच तोंड करून उभा.

देगलूरला साक्षी बाळंत झाली. मुलगी. दोघी खुशाल.

आमच्या खड्ड्याची जागा रिकामी राहून चालणार नव्हती. बजरंगला कामावरून काढून खड्डा यंत्रानं खोदून पूर्ववत केला. गाडी सर्व कसोट्यांना उतरली. टाळ्या वाजल्या, तंबू निघाले, पाटी मात्र राहिली. मल्लिनाथ डांबरीकरणाचं विचारायला कचेरीत गेले, तर फाइल बंद झालेली. शेरा होता : 'सदर रस्ता पार करू शकणारे वाहन विकसित झाले असल्याने रस्त्याची आवश्यकता उरलेली नाही.'

"आता हो?" मी विचारलं.

"आता काय, अक्का. गाडी तेवढी घ्यायची राहिली!" मल्लिनाथ हसले. पारावरचे सगळे हसले. हसता हसता जो तो पाटीला वळसा घालून आपापल्या घरी गेला. तुम्हीही तुमच्या गल्लीतल्या खड्ड्याला वळसा घालूनच घरी आला असाल, तेव्हा हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

आज साक्षी बाळाला घेऊन सासरहून परत यायची आहे. पूजा झाली. मी दोन टोपली भरली. एक सासूबाईंच्या शब्दाचं. दुसरं तुमच्या वाटणीचं.

पहिलं डोक्यावर घेतलं, दुसरं कमरेवर, आणि निघाले.