आदर्श बिळाचं उद्घाटन

एका जंगलात एक नागोबा राहत होता. कुठे राहत होता, ते बाळांनो त्याच्या तोंडावर विचारायचं नाही. विचारलं की तो फणा काढायचा. कारण तो राहायचा आयत्या बिळात, आणि हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. तुमच्या मास्तरांनासुद्धा.

बीळ खोदायची घूसमावशी. तिला खोदायचं भारी वेड. एक बीळ झालं की लगेच दुसरं. जुन्याकडे ढुंकून बघायची नाही. नागोबा मागून जायचा, आत वेटोळं घालायचा आणि म्हणायचा, "वाया जायला नको म्हणून हो, मावशी!"

"मेल्या, कधी एक मूठ माती तरी उचललीस का?"

"मूठच नाही, मावशी."

असं बरं चाललं होतं. पण एके दिवशी दुपारी सिंहमहाराजांचं जेवण अंमळ जास्त झालं. पोटाला तडस लागली की महाराजांना न्याय आठवायचा. लगेच सभा भरली. मुंगूसराव तिचे चिटणीस झाले. चिटणीस व्हायला काय लागतं? शेपटी झुपकेदार लागते, बस.

"आजपासून जंगलात नवी अर्थव्यवस्था!" मुंगूसराव गरजले. "जो कष्ट करील, त्याचंच घर! ज्याचं घर त्यानेच खोदावं, नाहीतर उघड्यावर राहावं. मंडळी, आपलं जंगल आता कात टाकणार आहे!"

काय टाळ्या पडल्या! पोपटाने टाळी वाजवली, सुतारपक्ष्याने कोरलेल्या ढोलीत बसून. खोकडाने वाजवली, साळिंदराच्या बिळाच्या दारात उभं राहून. सगळ्यात जोरात वाजवली कोकिळेने. तिची पिल्लं त्या वेळी कावळीकडे जेवत होती. जो तो नागोबाकडे बघून हसत होता. कायदा नेहमी शेजाऱ्यासाठीच असतो ना!

नागोबाला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता. कारण जंगल कात टाको न टाको, त्याची स्वतःची कात सुटायला आली होती. अंग तडतडत होतं. डोळ्यांवर साय धरत होती. अशा वेळी नागाला दिसत नाही, आणि लपायला बीळ लागतं म्हणजे लागतंच. उघड्यावर कात टाकणारा नाग म्हणजे मुंगसाच्या ताटातली सोललेली काकडी. आणि चिटणीस कोण होतं, ते सांगितलंच आहे.

तो तसाच मावशीकडे सरपटला. "मावशी, मला खोदायला शिकव."

"शीक की. पंजे पुढे घे."

"पंजे नाहीत."

"मग मागचे पाय रोव."

"तेही नाहीत."

"अरे, मग आहे काय तुझ्याकडे?"

"फणा आहे."

"तो सभेला ने. तिथे चालतो."

तरी बिचाऱ्याने नाक घासून घासून लिंबाएवढा खड्डा पाडला. त्यात डोकं घातलं. बाकीचा नागोबा बाहेरच राहिला.

तिकडे भलतीच गंमत झाली. सुतारपक्ष्याने पोपटाला म्हटलं, "ढोली माझी, चालता हो." साळिंदराने खोकडाला काटे दाखवले. कावळीने कोकिळेची पिल्लं परत पाठवली. मग काय, जो उठला तो खोदू लागला. ज्याला खोदता येत नव्हतं, तो तर जास्तच. टेकडीची चाळण झाली. झाडांची मुळं उघडी पडली. झऱ्याचं पाणी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत गेलं. शिकारीला, चरायला, चिवचिवायला कुणाला सवड उरली नाही.

महाराज मात्र खूश. "बघा! जंगलातली बेकारी संपली!"

खरंच संपली. सगळ्यांच्या हाताला काम मिळालं. पोटाला काही मिळालं नाही, पण ते काही कायद्यात नव्हतं. वाटेत जितके खड्डे, तितकी प्रगती, असं धोरणच ठरलं. हे धोरण पुढे जंगलाबाहेरही गेलं म्हणतात.

अशात मुंगूसरावांनी स्वतःच्या हातांनी एक आदर्श बीळ खोदलं. म्हणजे तसं त्यांनी जाहीर केलं. उद्घाटनाला महाराज येणार होते. दाराला वेल बांधला. सगळं जंगल उपाशीपोटी जमलं.

त्याच सकाळी नागोबाला दिसायचं पुरतं बंद झालं. तो चाचपडत सरपटत होता. नाकाला गार मातीचा वास आला, वेलाखालून वाट सापडली आणि तो आत शिरला. कुणाचं बीळ, कसलं बीळ, त्याला काय पत्ता! आत एक झोकदार वळण होतं. त्या वळणाच्या खरखरीत कडेला त्याने ओठ घासले, आणि कात सुटू लागली.

बाहेर तुतारी वाजली. महाराजांनी वेल तोडला आणि ते आत डोकावले.

आतून आवाज आला, "जरा थांबा हो, कपडे बदलतोय."

महाराज मागे सरकले. सभेत गलबला झाला. मुंगूसरावांनी दातओठ खाल्ले. "चोर! बाहेर ये! हे माझं बीळ आहे!"

नागोबाने आतूनच विचारलं, "कुणी खोदलं?"

"मी! याच हातांनी!"

"मग आतलं वळण उजवीकडे आहे की डावीकडे, तेवढं सांगा."

मुंगूसराव शेपटीचा झुपका विंचरू लागले. बघायला ते आत गेलेच कधी होते? पण गर्दीत घूसमावशीला राहवेना. चिटणिसांनी गप्प बस म्हणून बजावलं होतं, ते ती विसरली. "डावीकडे!" ती ओरडली. "आणि तसलं वळण मुंगसाच्या सात पिढ्यांना जमेल होय? मी खोदलंय ते!"

आता कायद्याने बीळ मावशीचं. महाराज म्हणाले, "बाई, मग राहा यात."

"मी? झालेल्या बिळात? छे! खोदायचं सोडून राहत बसू काय?"

महाराज कोड्यात पडले. तेवढ्यात नागोबा नवाकोरा, चकचकीत होऊन बाहेर आला. डोळे स्वच्छ झाले होते. त्याने महाराजांकडे नीट बघितलं आणि अदबीने विचारलं, "महाराज, आपली गुहा कुणी खोदली?"

सगळ्या माना महाराजांकडे वळल्या.

महाराज मोठे शहाणे. त्यांनी घसा खाकरला. "नागोबा," ते म्हणाले, "जुनं बीळ तू वाया जाऊ देत नाहीस. नवी माती उकरत नाहीस. अरे, तूच तर जंगलाचं भविष्य!" कायदा तिथल्या तिथे मागे घेतला गेला. नागोबाला 'वनरक्षक भूषण' पदवी मिळाली आणि आदर्श बीळही मिळालं. पोपट ढोलीत गेला, खोकड बिळात गेला, कोकिळेने पिल्लं परत कावळीकडे धाडली. हार घालायला मुंगूसरावच पुढे झाले. नागोबाच्या गळ्याचं माप त्यांना पाठ होतं.

मावशीला कुणी हार घातला नाही. तिचं नाक मातीने भरलेलं, हाराची शोभा गेली असती. ती नाक पुसत घरी गेली. म्हणजे घरी नाहीच. हल्ली ती खोदते ती थेट महाराजांच्या गुहेखाली. कुठवर आली आहे, ते महाराजांना अजून कळलेलं नाही.

तात्पर्य : खोदणाऱ्याने खोदत राहावे. राहणाऱ्याने राहण्याला एखादे चांगलेसे नाव शोधावे. आणि अधूनमधून पायाखालची जमीन कान लावून ऐकावी.